लाइन क्लिअर

डायरी एका विमा एजंटाने फुकट दिलेली, २००५ सालची. बाबांनी ती वापरायला काढली २००७ मध्ये, कारण कोरी पानं रद्दीत देणं त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्या पानावर डावीकडे तारीख आहे: ७ जुलै २००७. मधोमध ‘किंगडा का’, हे न्यू जर्सीतल्या एका रोलर कोस्टरचं नाव, आणि खाली पट्टीने आखलेले चार रकाने. क्रमांक, सुटली, पोचली, शेरा. अकराव्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलंय, ‘चि. मुलगी या गाडीत.’ बाराव्या ओळीपासून पुन्हा नुसत्या वेळा.

म्हणजे पोटची मुलगी ताशी २०६ किलोमीटरच्या वेगाने १३९ मीटर उंच चढून पलीकडे नाकावर उतरत होती, आणि वडील खाली बाकावर बसून ती किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी सुटली ते टिपत होते. आई शेजारीच डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होती. तिची नोंद मात्र कुठेच नाही.

माझी रोलर कोस्टरची साइट आहे हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, तुला भीती नाही वाटत? दुसरा, हे सुचलं कसं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: वाटते. दुसऱ्याचं उत्तर या पानात आहे. पण ते एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून मी इतकी वर्षं ‘असंच, आवड’ असं म्हणून विषय संपवत आले.

आवड म्हणावी तर लहानपणी तिचा मागमूसही नव्हता. आम्ही कल्याणचे. नवरात्रात दुर्गाडीला जत्रा भरते. तिथल्या आकाशपाळण्यात मी एकदाच बसले, सहा वर्षांची असताना, आणि वरच्या टोकाला पोचल्यावर इतकी किंचाळले की पाळणेवाल्याने आमच्यासाठी सगळा पाळणा थांबवला. पुढे शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली. ते १९८९ ला सुरू झालेलं, गोराईच्या खाडीतून लाँचने जायचं आणि त्याची जाहिरात तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ. तिथे झिपर डिपर नावाचा कोस्टर होता. आजच्या हिशेबाने बाळबोधच. माझ्या वर्गातल्या मुली तीन-तीनदा बसून आल्या. मी अकरा जणींच्या वॉटरबॅगा सांभाळल्या. खाली उभं राहून वर बघणं मला तेव्हा कमीपणाचं वाटलं होतं. ते बाबांकडून आलेलं आहे हे कळायला पुढची पंधरा वर्षं गेली.

२००४ ला नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आले. एडिसनपासून पाऊण तासावर जॅक्सन गावात सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर हे मनोरंजन पार्क आहे, १९७४ पासूनचं. ऑफिसातले सगळे एका शनिवारी निघाले आणि नवीन माणसाला नाही म्हणता येत नाही, त्या न्यायाने मी तिथल्या नायट्रो नावाच्या कोस्टरमध्ये बसले. नायट्रो ७० मीटर उंच आहे. चढणीवर साखळी गाडीला ओढत नेते आणि ते दीड-दोन मिनिटं वाटणारे काही सेकंद जातात, त्यात मी आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवल्या. मग माथा आला. आणि पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण भीती चढणीवरच राहिली. ती गाडीबरोबर खाली आलीच नाही. उतरताना अंग सीटवरून सुटतं, पोट आणि आपण थोडा वेळ वेगळे होतो, त्याला कोस्टरवाले ‘एअरटाइम’ म्हणतात. नायट्रो तो एकामागून एक टेकडीवर देतो. खाली आले तेव्हा मी हसत होते, आणि कुणी सांगण्याआधी पुन्हा रांगेत जाऊन उभी होते.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी जे केलं ते कुठलाही नवा बाटलेला माणूस करतो. मोजायला लागले. या छंदात प्रत्येक वेगळ्या कोस्टरला ‘क्रेडिट’ म्हणतात. एकाच कोस्टरमध्ये शंभर वेळा बसा, क्रेडिट एकच. अमेरिकेत याची मोठी बिरादरी आहे. अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स ही संस्था १९७८ पासून आहे, आणि तिच्यातले काही जण हजाराच्या घरात पोचलेले. माझी एक्सेल शीट होती. नाव, गाव, तारीख, दहापैकी गुण. आज ती उघडली की लाज वाटते. सगळ्यांना आठ नाहीतर नऊ, आणि शेऱ्यात ‘ऑसम’. पस्तीस ओळी, पस्तीस ऑसम.

बाबा २००६ च्या डिसेंबरात निवृत्त झाले. रेल्वेत, सिग्नल खात्यात. हे खातं काय करतं हे त्यांच्या घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. लोकलच्या डब्यात मोटरमनला मान, फलाटावर स्टेशन मास्तरला मान. सिग्नलवाल्याची आठवण गाडी अडली की येते, आणि तीही शिवीबरोबर. आयुष्यभर बाबा रात्री-अपरात्री रुळाकाठच्या लोकेशन बॉक्समध्ये टॉर्च धरून रिले तपासत राहिले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘फेल्युअर होतं, गेलं.’

पुढच्या उन्हाळ्यात दोघं सहा महिन्यांसाठी आले. सहा महिन्यांच्या आईवडिलांना काय दाखवायचं हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला प्रश्न असतो. नायगारा झाला, व्हाइट हाउस झालं, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर दोनदा झालं. मग माझ्या सीझन पासवर मोकळ्या जागा होत्या म्हणून जॅक्सन. पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून पोळी, बटाट्याची भाजी आणि दहीभात खाल्ला. शेजारच्या दोन गाड्यांच्या डिक्यांतूनही फोडणीचाच वास येत होता. खाऊन झाल्यावर बाबा म्हणाले, ‘तू जा. आम्ही बसतो कुठेतरी सावलीत.’

सावली किंगडा कासमोर मिळाली.

तो कोस्टर २००५ च्या मे महिन्यात सुरू झाला तेव्हा जगातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान होता. वेगाचा मान पाच वर्षांनी अबूधाबीला गेला, उंचीचा शेवटपर्यंत राहिला. त्याला साखळीची चढण नव्हती. गाडी सपाट रुळावर उभी राहायची, खालून तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र दोराने तिला पकडायचं आणि साडेतीन सेकंदांत ती ताशी २०६ किलोमीटरला जायची. मग सरळ उभा मनोरा, माथ्यावरून पलीकडे, पीळ खात खाली, एक टेकडी, आणि संपलं. सगळा खेळ २८ सेकंदांचा. त्या २८ सेकंदांसाठी त्या दिवशी मी दोन तास रांगेत होते. परत आले तर बाबांच्या मांडीवर ती डायरी, हातात एचएमटीचं घड्याळ.

‘कसं वाटलं?’ असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, ‘याला ड्रायव्हर नाही.’

‘नाही.’

‘गार्डही नाही.’

‘नाही.’

‘म्हणजे सगळं सिग्नलवालाच चालवतो.’

मी आजवर पस्तीस कोस्टर केले होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढचा अर्धा तास बाबा बोलले. घरात सलग अर्धा तास बोललेले मी त्यांना पाहिलेले नाहीत. रेल्वेचा मार्ग तुकड्यांत वाटलेला असतो, त्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचं स्टेशन ‘लाइन क्लिअर’ देत नाही तोवर मागची गाडी सोडायची नाही. कोस्टरचंही तेच, फक्त एक फरक. उतारावर सुटलेली गाडी मध्ये कुठे थांबवता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी अशी जागा पाहिजे जिथे ती हमखास थांबेल: चढणीची साखळी, नाहीतर ब्रेकचा पट्टा. आणि गाड्या नेहमी तुकड्यांपेक्षा कमी, म्हणजे पुढे जायला एक तुकडा रिकामा असतोच. नायट्रोवर छत्तीस माणसांच्या तीन गाड्या फिरतात. त्याच्या मध्यावर, टेकड्यांच्या अधेमधे, एक सपाट पट्टा आहे. मला तो नेहमी कंटाळवाणा वाटायचा, शीटमध्ये मी ‘मधेच मंदावतो’ म्हणून एक गुण कापला होता. बाबांनी तो खालून पाहिला आणि म्हणाले, ‘तिथे होम सिग्नल आहे.’ म्हणजे पुढचा तुकडा मोकळा होईपर्यंत गाडीने थांबायची जागा. ती जागा नसती तर तीन गाड्या चालवताच आल्या नसत्या, आणि मी दोनऐवजी तीन तास रांगेत उभी राहिले असते.

चाकांचंही तसंच. बाबांनी आधी विचारलं की चाकाला फ्लँज कुठे आहे. आगगाडीच्या चाकाला आतून कडा असते, तिच्या जोरावर ते रुळावर राहतं. कोस्टरच्या चाकाला ती लागत नाही, कारण गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असते. वर भार घेणारी चाकं, बाजूला धरणारी, आणि रुळाच्या खालून एक जोडी, जी गाडीला उडू देत नाही. ती खालची जोडी जॉन मिलर नावाच्या माणसाची, पेटंट १९१९ चं. तिच्या आधीचे कोस्टर नुसते रुळावर टेकलेले असायचे, म्हणून त्यांना बेताबेताने उतरावं लागे. मला ज्याचं वेड लागलं तो एअरटाइम या खालच्या चाकांची देणगी आहे. बाबा रुळाखाली वाकून बघत होते, तेव्हा तिथल्या मुलाने येऊन त्यांना अदबीने रेषेच्या मागे व्हायला सांगितलं. बाबा त्याला ‘सॉरी, रेल्वे’ म्हणाले. त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने सॅल्यूट केला.

त्या उन्हाळ्यात आम्ही नऊ वेळा गेलो. आईने चौथ्या खेपेपासून विणकाम आणायला सुरुवात केली. बाबांना किंगडा कावर एकच गोष्ट बघायची होती. वारा, थंडी किंवा गाडीतलं वजन यांमुळे कधीकधी गाडीला माथा ओलांडण्याइतका वेग मिळत नाही. ती मनोऱ्यावर मंदावते, क्षणभर थांबते आणि आली तशी मागे घसरते. हा अपघात नाही, तो धरूनच आराखडा केलेला होता. गाडी सुटताना रुळातली ब्रेकची पाती खाली जायची आणि ती पुढे निघून गेली की पुन्हा वर यायची, मागे आलीच तर धरायला. बाबांनी हे बाकावरून स्वतः ताडलं, कारण ते तोंडाकडे बघत नव्हते, रुळाकडे बघत होते. ‘हे आपलं कॅच सायडिंग झालं,’ म्हणाले. खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे. तिथे उतरणारी गाडी आवरली नाही तर तिला मुख्य मार्गावर येऊ न देता चढाच्या आडमार्गावर घालायचं. सांधे एरवी त्या आडमार्गालाच लावलेले असतात. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. विश्वास हा नंतर द्यायचा असतो, असं काहीसं बाबा म्हणाले होते. किंवा मी तसं ऐकलं असेन. ते अशी वाक्यं सहसा बोलत नाहीत.

नऊ खेपांत गाडी एकदाही मागे आली नाही. डायरीत प्रत्येक दिवसाखाली शेरा आहे: ‘रोलबॅक नाही.’

ऑक्टोबरात ते परत गेले. डायरी टेबलावरच राहिली. विसरून की मुद्दाम, हे मी विचारलेलं नाही. थंडीत तेव्हा पार्क बंद असायचं, संध्याकाळ साडेचारला होते आणि माणूस काहीतरी करायला शोधतो. एका शनिवारी मी सहज ते आकडे एक्सेलमध्ये भरायला घेतले. भरताना दिसायला लागलं. सकाळी पहिल्या तासात गाड्या अंतराने सुटतात, दुपारी सपासप. नायट्रो माथ्यावरून मधल्या पट्ट्यापर्यंत यायला सकाळी जास्त वेळ घेतो, उन्हं चढल्यावर कमी, कारण चाकं आणि वंगण तापतं. कोस्टरवेडे ‘रात्री तो वेगळाच पळतो’ असं म्हणतात, ते मी दंतकथा समजत होते. बाबांच्या डायरीत ते सेकंदांत होतं. शेजारी माझी शीट. ऑसम, ऑसम, ऑसम.

त्या रात्री मी पहिलं पान बनवलं. फुकट जागा देणारी एक सेवा तेव्हा होती, तिच्यावर. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, बघवत नव्हतं. पण त्यात ना फोटो होता, ना माझा अनुभव. फक्त चार रकाने. क्रमांक, सुटली, पोचली, शेरा.

मनात पाल चुकचुकलीच. हे कुणासाठी? ड्वेन मार्डन नावाच्या गृहस्थाने १९९६ पासून रोलर कोस्टर डेटाबेस चालवलाय. जगातला बारकासा कोस्टरही त्यात सापडतो. उंची, लांबी, वेग, कंपनी, उघडला कधी, बंद कधी, कुठून कुठे हलवला. भारतातलेही आहेत. त्याच्यापुढे आपण काय नवीन सांगणार? पण तिथे कोस्टर जन्मपत्रिकेसारखा असतो. मला त्याची दिवसभराची ड्युटी लिहायची होती. आणि खरं सांगायचं तर उंचीच्या विक्रमांत मला कधी रस वाटला नाही. तो दोन पार्कांमधला मामला आहे. जरा पैसे घाला, आणखी दहा मीटर वर जा. ४२० फुटांचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ओहायोत २००३ ला आला, दोनच वर्षांत न्यू जर्सीने ४५६ फूट केले. यात सांगण्यासारखं काय आहे?

ती सेवा पुढे बंद पडली, पानं गेली. सुदैवाने मूळ डायरी होती, कागदाची. पुन्हा सगळं टाइप केलं, स्वतःचं नाव विकत घेऊन. आता दुसऱ्यांदा लिहिताना मी आकड्यांच्या शेजारी बाबांचं बोलणं लिहायला लागले, आणि साइट खरी तिथून सुरू झाली असं मी मानते. मराठीत. कोस्टरवर मराठीत वाचणार कोण, असं नवऱ्याने विचारलं. आपल्याकडे हा शब्द शेअर बाजाराच्या बातमीतच जास्त भेटतो, हेही खरं. पण ‘आडमार्ग’, ‘सांधा’, ‘शेरा’ हे मी इंग्रजीत कसं लिहिणार होते?

२०११ ला ते पुन्हा आले तेव्हा मी त्यांना कोस्टर सोडून दुसरीकडेच नेलं. पेन्सिल्व्हेनियात डोंगरात जिम थॉर्प नावाचं छोटं गाव आहे. १९५४ मध्ये एका ऑलिंपिक खेळाडूच्या नावाने त्याचं नामांतर झालं. त्याआधीचं नाव मॉक चंक. या गावाच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी होत्या आणि खाली लीहाय नदी. १८२७ मध्ये खाणवाल्यांनी खाणीपासून नदीपर्यंत सुमारे चौदा किलोमीटरचा रूळ टाकला. कोळशाने भरलेल्या गाड्या आपल्याच वजनाने उतरायच्या. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं. आणि ती खेचरं खाली कशी आणायची? त्याच गाडीमागे जोडलेल्या डब्यांत उभी करून, चारा घालून. असं म्हणतात की एकदा या सवारीची सवय झाल्यावर खेचरं डोंगर पायी उतरायला तयारच होईनात. मारलं तरी नाही. बाबा हे ऐकून रस्त्याच्या कडेला बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘पहिला एन्थुझिअॅस्ट खेचर होता, अगं. लिही हे.’ लिहिलं.

पुढे १८४० च्या दशकात खेचरं गेली आणि वाफेची यंत्रं बसवून गाड्या दोरांनी डोंगरावर ओढायला लागले. चढताना दोर तुटला तर गाडी मागे जाऊ नये म्हणून रुळाच्या मध्ये दातेरी पट्टी आणि गाडीखाली खुट्टी. एकेक दाता ओलांडताना खट खट खट. कोस्टरच्या चढणीवर छातीत घुमणारा जो आवाज आहे, जो ऐकला की अजूनही माझे तळवे ओले होतात, तो तिथला. तो भीती घालायला केलेला नाही. तो ‘मागे जाणार नाहीस’ असं सांगणारा आवाज आहे. दर दात्याला एकदा. नवीन कोस्टरांत तो कमी होत चाललाय. जॅक्सनचाच एल टोरो लाकडी असून दोराच्या चढणीने गुपचूप वर जातो, आणि शेजारचा १९७९ चा रोलिंग थंडर तेव्हा अख्ख्या पार्कात खडखडाट करत असे. बाबांना रोलिंग थंडर जास्त आवडायचा. त्याला दोन समांतर रूळ होते. ते त्यांना अप आणि डाउन म्हणत. २०१३ ला तो बंद झाला.

मॉक चंकच्या रुळावरून कोळसा नेणं १८७० च्या दशकात थांबलं, पण लोक मौजेसाठी बसायला यायचेच. बारा-पंधरा वर्षांनी, १८८४ मध्ये, लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला पाच सेंटात स्विचबॅक रेल्वे सुरू केली, तेव्हा त्याच्यासमोर हा नमुना होता. ताशी दहा किलोमीटर वेग. एका टोकाला पोचलं की सगळ्यांनी उतरायचं, डबा दुसऱ्या रुळावर ढकलायचा, पुन्हा बसायचं. बाबा म्हणाले, हे तर खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. घाटात वळायला जागा नाही म्हणून गाडी तिथे उलट्या तोंडाने पुढे निघायची. १९२९ मध्ये ते बंद झालं. ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या साहेबांच्या साहेबांनी पाहिलं होतं. पण सांगताना ते असं सांगत होते की जणू काल ड्युटी होती.

जिम थॉर्पला आज रूळ नाही. १९३० च्या दशकात उखडून भंगारात गेला. झाडीतून जाणारी पायवाट उरली आहे. त्या वाटेवर बाबा बरंच चालले. मध्ये थांबून त्यांनी बूट रोवून उतार पाहिला, हाताने अंदाज घेतला. मी फोटो काढला आहे, पाठमोरा. साइटवरचा तेवढा एकच फोटो ज्यात माणूस आहे.

खोपोलीबद्दल थोडंच सांगते. २०१३ ला तिथे इमॅजिका पार्क सुरू झालं आणि त्यातल्या मोठ्या कोस्टरचं नाव निघालं नायट्रो. जॅक्सनचा आणि हा, दोन्ही एकाच स्विस कंपनीचे, बोलिगर अँड माबिलार्ड. पण जात वेगळी. खोपोलीचा बिनतळाचा आहे, पाय लोंबते राहतात, पाच वेळा उलटं करतो. या जातीतला जगातला पहिला कोस्टर म्हणजे १९९९ चा मेड्युसा, तोही जॅक्सनलाच. त्यामुळे मला खोपोलीत एका गावची थोरली दुसऱ्या गावच्या धाकटीच्या लग्नात भेटावी तसं झालं. सुट्टीत गेले होते, आठवड्यातला दिवस, गर्दी नव्हती. चार वेळा बसले. बाबा बाकावर. वळसा घेताना समोर भोर घाट दिसतो, पावसाळ्यानंतरचा हिरवा. खाली आल्यावर बाबांनी डायरी पुढे केली. सुटली, पोचली भरलेलं होतं. मध्येच एका ओळीत कोस्टरची नसलेली नोंद: ‘अप मेल घाट उतरली असावी, आवाज.’ बाबांचे कान आता म्हातारे आहेत, पार्कातल्या स्पीकरच्या गोंगाटात त्यांनी तो आवाज खरंच ऐकला की त्या वेळेला ती गाडी असते हे माहीत होतं म्हणून लिहिलं, सांगता येणार नाही. मी ती ओळ साइटवर तशीच ठेवली आहे.

उलटं करणाऱ्या वळशांवर त्यांनी एक पान लिहून पाठवलं, ते साइटवरचं माझं सगळ्यात आवडतं. १८९५ मध्ये कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, त्याचा वळसा अगदी गोल, कंपासने काढल्यासारखा. सरळ रुळावरून एकदम गोलात शिरताना माणसांच्या माना अवघडायच्या. हा प्रश्न नीट सुटला १९७६ ला, कॅलिफोर्नियात, रिव्होल्यूशन नावाच्या कोस्टरवर. अँटोन श्वार्झकोफ यांनी बांधला, वेर्नर श्टेंगेल यांनी गणित केलं. वळसा गोल ठेवलाच नाही, थेंबासारखा केला. खाली पसरट, वर आवळत गेलेला. बाबांनी लिहिलं होतं: ‘रेल्वेत याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये टाकतो, जेणेकरून पॅसेंजरच्या कपातला चहा सांडत नाही. या लोकांनी तोच उभा केला. चहाचं काय झालं ते कळवावे.’

१४ नोव्हेंबर २०२४ ला पार्कने जाहीर केलं की किंगडा का आता चालणार नाही. त्याआधीच्या रविवारी त्याची शेवटची गाडी सुटून गेली होती, तीही न सांगता. मी त्या रविवारी घरी वॉशिंग मशीन लावत होते. मनात बरेच दिवस सललं. निरोपाचं नव्हे, नोंदीचं. डायरीचं पहिलं पान त्याचं होतं आणि शेवटची ओळ माझ्याकडे नव्हती.

२८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी सुरुंग लावून मनोरा पाडला. मी कामावर जायच्या आधी फोनवर पाहिलं. तिकडे संध्याकाळ. बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि दुसऱ्या फोनवर ते दृश्य त्यांना दाखवलं. हिरवट पोलादाचा तो उभा मनोरा कमरेत वाकला आणि बाजूला झोपला. काही सेकंदच. बाबांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा पुसून घेतला. मी गप्प होते, मला वाटलं ते काही बोलतील.

‘किती टन निघालं असेल?’

‘काय?’

‘स्क्रॅप गं. वजन लिहावं लागतं. त्याशिवाय रेकॉर्ड बंद होत नाही.’

मी म्हटलं, माझ्याकडे उंची आहे, वेग आहे, अठरा वर्षांच्या सुटल्याच्या आणि पोचल्याच्या वेळा आहेत, पण वजनाचा रकाना नाही.

‘मग आखून ठेव,’ बाबा म्हणाले, आणि मागे वळून आईला चहाचं विचारायला लागले.